पांढरीवर खणताना या चुका टाळा

गावाबाहेरचं उंच टेकाड, भोवती काळी आणि मधे राखाडी, भुसभुशीत माती. गावकरी त्याला पांढर म्हणतात. शेकडो वर्षं तिथे चुली पेटल्या, गुरं बांधली गेली, मातीच्या भिंती पडल्या आणि पडक्या भिंतींवरच नवी घरं उठली, म्हणून ती माती तशी झाली. पैठण, तेर, नेवासे, भोकरदन ही सातवाहनांच्या काळातली गजबजलेली गावं आणि शहरं अशाच टेकाडांत झाकली गेली आहेत. दर हिवाळ्यात तिथे पुरातत्त्व शिकणारी नवी मुलं खणायला येतात आणि दर हिवाळ्यात त्याच चुका करतात.

जुना खड्डा न ओळखणं

वरचं नवं आणि खालचं जुनं, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. पण माणसं जमीन उकरतात हे विसरलं जातं. धान्याचं पेव, कचऱ्याचा खड्डा, खांबाचं भोक, विहीर, दफन, शिवाय घुशींची बिळं. बहामनी काळात कुणी पेव खणलं तर त्याचा तळ सातवाहन थरात उतरतो, आणि त्यात पडलेली वस्तू हजार-बाराशे वर्षं जुन्या विटांच्या शेजारी, त्यांच्याच खोलीवर सापडते. नुसती टेप लावून खोली मोजणारा तिथे हमखास फसतो.

मी विद्यार्थी असताना गोदावरीच्या एका उपनदीकाठी पाच बाय पाच मीटरचा खड्डा माझ्याकडे दिला होता. सव्वादोन मीटरवर विटा लागल्या, लाल खापरं लागली, शिशाचं एक नाणं मिळालं. सातवाहन थर आला म्हणून मी खूश होतो. ईशान्य कोपऱ्यात खुरपं चालवणाऱ्या मावशी दोनदा म्हणाल्या, "भाऊ, हितं माती मऊ लागतीया, रंग बी येगळा हाय." मी वाकून पाहिलं, मान हलवली आणि तसंच खणायला सांगितलं. हंगाम संपायला आठ दिवस उरले होते आणि मला तळाची, माणसाचा हात न लागलेली माती गाठायची होती. तिसऱ्या दिवशी त्याच कोपऱ्यातून निळ्या-पांढऱ्या चिनी वाडग्याचा तुकडा निघाला. सातवाहनांच्या घरात तो असणं शक्यच नव्हतं. मग खड्ड्याची भिंत तासली, पाणी शिंपडलं, आणि पेवाची काळसर कड अगदी वरपर्यंत गेलेली दिसली. मावशींचा हात जिथे थांबला होता, बरोबर तिथून.

त्या दिवसांतल्या सगळ्या पिशव्यांमध्ये दोन काळांची खापरं मिसळली होती. खापर जुळवून काही ओळखता येतं, पण साध्या, बिननक्षीच्या तुकड्यांचं काय? पिशव्या तशाच बाजूला ठेवल्या. त्या खड्ड्यातून मोजणीला एकही आकडा गेला नाही.

तेव्हापासून माझी सवय ठरली आहे. सकाळी ऊन चढायच्या आत अख्खा तळ खुरप्यानं तासायचा, पंपानं पाणी शिंपडायचं आणि दहा मिनिटं काहीही न खणता नुसतं पाहायचं. ओल सुकताना खड्ड्याची माती वेगळ्या वेगानं रंग बदलते. कड दिसली की तो खड्डा आधी रिकामा करायचा, त्याची पिशवी वेगळी, लेबल वेगळं, आणि मगच भोवतीच्या थराला हात लावायचा. आणि खणणाऱ्या बायकांना विचारायचं. माती बदलली हे त्यांच्या मनगटाला माझ्या डोळ्यांआधी कळतं. घाई असेल तर खड्डा अर्धा राहू द्या, उरलेली माती पुढच्या हंगामात तिथेच असते.

हीच चूक मोठ्या लोकांकडूनही झाली आहे. मोहेंजोदडोत सापडलेले सांगाडे म्हणजे आर्यांनी केलेली कत्तल, असं ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी मांडलं. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जॉर्ज डेल्स यांनी 1964 मध्ये जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा ते सांगाडे एकाच वेळचे असल्याचा पुरावाच नव्हता. उलट उदाहरण घोड नदीकाठच्या इनामगावचं. 1968 ते 1983 या काळात तिथे डेक्कन कॉलेजनं खणलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या जोर्वे संस्कृतीचे लोक लहान मुलांना दोन कुंभांत, तोंडाला तोंड लावून, घरातल्या जमिनीखालीच पुरत. पुरण्याचा खड्डा नेमक्या कोणत्या जमिनीपासून खाली गेला हे नीट पाहिल्याशिवाय ते मूल कोणत्या घराचं हे सांगता येत नाही.

दिसलं लाल की म्हटलं रोमन

ही माझ्या मनाला लागणारी चूक. गुळगुळीत लाल खापर हातात आलं की मुलांचे डोळे चमकतात. जणू परदेशी वस्तू निघाली नाही तर आपलं शहर मोठं ठरत नाही!

ज्या लाल चकाकीच्या भांड्यांना एके काळी रोमन प्रभावाशी जोडलं गेलं, ती बहुतांशी गुजरातेत घडलेली आहेत. पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडूला 1945 मध्ये सापडलेल्या, तळाशी चक्रनक्षी असलेल्या थाळ्या व्हीलरना भूमध्य समुद्राकडच्या वाटल्या. पुढे डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटे यांनी क्ष-किरणांनी मातीतली खनिजं तपासली, तेव्हा माग बंगालच्या तामलुक-चंद्रकेतुगढ भागात गेला. आणि मद्याचे रोमन कुंभ म्हणून नोंदलेल्या कित्येक तुकड्यांचं खापरांच्या अभ्यासक रॉबर्टा टॉम्बर यांनी फेरपरीक्षण केलं, तर ते इराक आणि इराणी आखाताकडचे टॉर्पेडो कुंभ, म्हणजे तळाकडे निमुळते होणारे लांबट कुंभ, निघाले.

म्हणून मी तुकडा आधी तुटलेल्या बाजूनं भिंगाखाली धरतो. इटलीतल्या कँपेनियाच्या कुंभांत ज्वालामुखीच्या काळ्या वाळूचे कण चमकतात. आतून डांबराचा काळा लेप असेल तर विचार टॉर्पेडो कुंभाचा. यांपैकी काहीच नसेल तर वहीत "लाल, बारीक मातीचं, चकाकी" एवढंच लिहायचं. नाव नंतर देता येतं.

खरा व्यापार होताच. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती मिळाली. उलट दिशेनंही माल गेला: तेरला सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी जवळचं नातं असलेली एक मूर्ती 1938 मध्ये इटलीतल्या पॉम्पेईत निघाली, आणि पॉम्पेई इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं. तेरचा कारागीर एवढा तोलाचा होता. त्याच्या साध्या लाल खापराला रोमचं नाव उसनं देण्याची गरज नाही.

जुन्या वस्तूवरून थराचा काळ ठरवणं

नाणं शंभर वर्षं फिरतं, मणी आजीकडून नातीकडे जातो. थरातली सर्वांत नवी वस्तू पाहा, थर तिच्याआधीचा असू शकत नाही. आणि वस्तूला थरच नसेल तर? प्रवरेकाठच्या दायमाबादची ब्राँझची शिल्पं, म्हणजे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, 1974 मध्ये गावकऱ्याला झाडाची मुळं उकरताना मिळाली. पद्धतशीर उत्खननात मिळाली असती तर वाद मिटला असता. ती हडप्पा संस्कृतीच्या उतरत्या काळातली की बरीच नंतरची, यावर अभ्यासक भांडत राहिले. एवढी सुंदर वस्तू, पण तिची जागा नोंदली गेली नाही.

बाकीच्या, थोडक्यात

फक्त काठ आणि नक्षीचे तुकडे ठेवून बाकीचे फेकू नका. आधी मोजा, वजन करा, मग ठरवा.

सगळंच धुवायला घेऊ नका. कच्च्या मातीचा शिक्का पाण्यात विरघळतो, आणि भांड्याच्या आतला करपा घासला की शिजलं काय होतं ते कायमचं गेलं.

लेबल पिशवीच्या आत एक, बाहेर एक, आणि पेन्सिलीनं. शाई ओलीत पसरते.

मोजपट्टी आणि उत्तरेचा बाण न ठेवता काढलेला फोटो हा फक्त आठवणीचा फोटो.

कोळसा बोटांनी उचलू नका, आणि खोडाच्या गाभ्याचा कोळसा असेल तर काळ मोजणाऱ्या कार्बन-14 चाचणीचा आकडा चुलीचा नव्हे, लाकडाचा असतो. झाड चुलीपेक्षा शंभर वर्षांनी मोठं असू शकतं.

सुट्टीच्या दिवशी पांढरीवर फिरायला जाऊन खिसे भरून आणू नका. "एकच तर खापर आहे" म्हणणारे मी खूप पाहिले, त्यांच्या घरी खोकी भरलेली असतात आणि कुठलं काय ते त्यांनाही सांगता येत नाही.

खड्डा बुजवताना आळस नको. आम्ही तळाशी प्लॅस्टिकचा कागद अंथरतो आणि त्यावर चालू वर्षाचं एक नाणं ठेवतो. पन्नास वर्षांनी कुणी तिथे पुन्हा उतरलं, तर आमचं खणणं कुठे थांबलं आणि कधी, ते त्याला तिथेच कळेल.