धावताना घड्याळाची बटणे नकळत दाबली जाऊ नयेत म्हणून

धावण्याच्या घड्याळावरील एखादे बटण नकळत दाबले गेले, तर धावण्यात अडथळा येत नाही. बिघडते ती नोंद. थांबवण्याचे बटण दाबले गेले तर पुढचे अंतर मोजलेच जात नाही आणि लॅपचे, म्हणजे नोंदीचा एक तुकडा संपवून नवा सुरू करण्याचे, बटण दाबले गेले तर किलोमीटरचे तुकडे वेडेवाकडे पडतात. इंटरव्हल सरावाचे, म्हणजे आलटून पालटून वेगात आणि सावकाश धावण्याचे, टप्पे घड्याळात आधीच भरून ठेवले असतील, तर लॅपच्या एका चुकार स्पर्शाने चालू टप्पा अर्धवट संपतो आणि घड्याळ पुढच्या टप्प्यावर जाते. यावर सर्वप्रथम सुचवला जाणारा उपाय म्हणजे बटणे लॉक करणे. माझ्या मते तो सर्वांत शेवटी करावा, कारण लॉक केलेले घड्याळ खरोखर गरज असते तेव्हाही चटकन ऐकत नाही. कोणते बटण, कशाने आणि कोणत्या हालचालीत दाबले जाते हे आधी शोधले, तर पुष्कळदा त्याहून साधा उपाय हाती लागतो.

हा शोध नोंदीतूनच सुरू करता येतो. धाव संपल्यावर ॲपमध्ये लॅपची यादी आणि नकाशा शेजारी ठेवून पाहावा. नको असलेले लॅप चढावर काठ्या टेकताना पडले आहेत, पाणी पिण्याच्या ठिकाणी पडले आहेत, की बाही मागे सारली त्या सुमारास पडले आहेत, यावरून कारण बहुधा उघड होते. त्यानंतर घड्याळ नेहमीसारखे बांधून तळहात भिंतीला टेकवावा, मूठ वळावी, हातांची घडी घालावी आणि प्रत्येक वेळी हाताची पाठ, बाही किंवा दुसरा हात कोणत्या बटणाला लागतो ते पाहावे. थांबवण्याचे बटण आणि लॅपचे बटण यांवरचे उपाय वेगवेगळे असल्याने ही दोन मिनिटे वाया जात नाहीत.

घड्याळ मनगटावर कोठे बसते

गार्मिनच्या फोररनरसारख्या पाच बटणांच्या घड्याळांत उजव्या बाजूला वर सुरू-बंद करण्याचे आणि खाली मागे जाण्याचे व लॅपचे बटण असते. डावीकडे दिवा आणि वर-खाली सरकण्याची बटणे असतात. असे घड्याळ डाव्या मनगटावर बांधले की त्याची उजवी कड हाताच्या पंजाकडे येते. मनगट मागे वाकले की हाताची पाठ नेमकी त्या कडेवर दाबली जाते, म्हणजे नोंद बिघडवू शकणारी दोन्ही बटणे सर्वांत धोक्याच्या जागी असतात. जोर काढताना, सायकलचा दांडा धरताना, उतारावर खडकाला हात टेकताना किंवा चढावर गुडघ्यांवर पंजे रोवून चालताना हेच घडते. मोठ्या आकाराचे घड्याळ आणि बारीक मनगट अशी जोडी असेल, तर त्रास अधिक जाणवतो.

म्हणून पहिली दुरुस्ती जागेची करावी. मनगटाला करंगळीच्या बाजूने जे हाड वर आलेले असते, त्याच्या कोपराकडील बाजूस साधारण २ बोटांच्या अंतरावर घड्याळ बांधावे. पट्टा इतका घट्ट असावा की घड्याळ हलवले तर खालची त्वचाही त्याबरोबर हलावी, पण बोटांना मुंग्या येऊ नयेत. सैल घड्याळ प्रत्येक पावलागणिक पंजाकडे घसरते आणि सुरुवातीला योग्य जागी असलेले घड्याळ काही किलोमीटरनंतर पुन्हा हाडावर येऊन बसते. लांब अंतराच्या धावेत हात सुजू शकतात, त्यामुळे पट्टा वाटेत एखादे छिद्र सैल करावा लागला तरी घड्याळ वरच्या जागीच ठेवावे. नाडीचे ठोके मोजणाऱ्या प्रकाशीय सेन्सरलाही हीच जागा मानवते, कारण तेथे घड्याळ त्वचेला अधिक सपाट टेकते आणि बाहेरचा उजेड खाली कमी शिरतो.

एवढ्याने भागले नाही तर घड्याळ उजव्या हातावर बांधून पाहावे. मग महत्त्वाची दोन्ही बटणे कोपराकडे जातात आणि पंजाकडे दिवा व सरकण्याची बटणे येतात. ती चुकून दाबली गेली तर बहुतेक वेळा दिवा लागतो किंवा आकड्यांचे पान बदलते, नोंद मात्र शाबूत राहते. लॅप डाव्या हाताने देण्याची सवय व्हायला थोडा वेळ लागतो, एवढीच अडचण. ॲपल वॉचमध्ये हात न बदलताही हे साधते, कारण त्याच्या सेटिंगमध्ये कडेची गोल फिरती कळ (डिजिटल क्राउन) डावीकडे की उजवीकडे हे ठरवता येते. घड्याळ उलटे फिरवून बांधले की पडद्यावरचा मजकूर सुलट दिसतो आणि कळ कोपराकडे जाते. या घड्याळात कळ आणि बाजूचे बटण एकाच वेळी दाबले की व्यायामाची नोंद थांबते, म्हणून मनगट बरेच वाकणाऱ्या व्यायामात हा बदल विशेष उपयोगी ठरतो.

बाही, हातमोजे आणि हातातली बाटली यांचा बंदोबस्त सोपा आहे. घट्ट लवचिक बाही घड्याळाखाली ओढावी किंवा पूर्णपणे घड्याळावरून घ्यावी. तिची किनार अर्धवट बटणावर राहू देऊ नये. बाटली घड्याळ नसलेल्या हातात धरावी.

सेटिंगमध्ये करायचे बदल

त्रास फक्त नको असलेल्या लॅपचा असेल, तर संपूर्ण घड्याळ लॉक करण्याचे कारण नाही. गार्मिनच्या अनेक घड्याळांत प्रत्येक व्यायामप्रकाराच्या सेटिंगमध्ये लॅपचे बटण स्वतंत्रपणे बंद करता येते आणि दर १ किलोमीटरला आपोआप पडणारा लॅप चालू ठेवता येतो. रोजच्या साध्या धावेसाठी ही रचना पुरेशी आहे. ट्रॅकवर स्वतः लॅप देणाऱ्याने किंवा शर्यतीत मार्गावरील फलकांप्रमाणे लॅप देणाऱ्याने मात्र ते बटण चालूच ठेवावे. ट्रायथलॉनच्या (पोहणे, सायकल आणि धावणे अशा सलग शर्यतीच्या) नोंदीत लॅपचे बटण पोहण्यातून सायकलकडे नेते, त्यामुळे वेटसूटची, म्हणजे पोहण्याच्या घट्ट पोशाखाची, बाही त्यावर दाबली जाणार नाही याची आधी खात्री करावी.

टचस्क्रीनची अडचण वेगळी आहे. हा पडदा बोटाच्या विद्युतभारावर चालतो आणि घामाचे किंवा पावसाचे थेंब, भिजलेली बाही यांनाही तो बोट समजू शकतो. बटणे असलेल्या घड्याळात व्यायामापुरता स्पर्श बंद करून ठेवावा. त्याने काही गमावत नाही. ॲपल वॉचमध्ये पाण्यासाठीचे लॉक हेच काम करते आणि कळ दाबून धरली की ते निघते.

आता बटणांच्या लॉकविषयी. फोररनरच्या अनेक मॉडेलमध्ये दिव्याचे बटण दाबून धरल्यावर येणाऱ्या मेनूत लॉकचा पर्याय असतो आणि काही नव्या मॉडेलमध्ये व्यायाम सुरू होताच लॉक आपोआप लागेल अशी सोय आहे. सुंटोच्या अनेक घड्याळांत नोंद चालू असताना उजवीकडचे खालचे बटण दाबून धरल्यास लॉक लागते आणि तरीही आकड्यांची पाने पुढे सरकवता येतात, ही रचना मला सर्वांत शहाणपणाची वाटते. पोलरच्या अनेक घड्याळांत लॉक हाताने लावायचे की आपोआप, हे निवडता येते. कोणतेही घड्याळ असो, लॉक काढण्याचा सराव ओल्या बोटांनी आणि हातमोजे घालून घरीच करावा. शर्यतीची अंतिम रेषा ओलांडल्यानंतर लॉक काढण्यात काही सेकंद गेले, तर तेवढे सेकंद नोंदीत वाढतात.

मदत मागण्याच्या सुविधेकडेही लक्ष द्यावे. काही घड्याळांत एखादे बटण बराच वेळ दाबून धरले की ठरवलेल्या व्यक्तींना संदेश जातो किंवा आपत्कालीन क्रमांकाला फोन लागतो. चुकून संदेश जातो म्हणून ही सुविधा बंद करण्याऐवजी घड्याळाची जागा बदलावी, कारण एकट्याने धावणाऱ्याला ती खरोखर लागू शकते. लॉक असताना ती चालते का, हे माहितीपुस्तिकेत पाहून ठेवावे.

बटण दाबले गेलेच तर

चुकीचा स्पर्श लगेच कळावा यासाठी बटणांचा आवाज आणि कंपन चालू ठेवावे. आकड्यांच्या एका पानावर घड्याळाची वेळही दिसू द्यावी. निघाल्याची वेळ लक्षात असेल तर नोंद मध्येच थांबली होती का, ते नजरेत येते. दर किलोमीटरला येणारे कंपन अपेक्षित वेळेत आले नाही, तर मनगटाकडे पाहावे.

नको असलेल्या लॅपने एकूण वेळ आणि अंतर बदलत नाही, म्हणून तो दुर्लक्षित करून पुढे जावे. तो झाकण्यासाठी पुन्हा बटण दाबल्यास आणखी एक तुकडा पडतो. नोंद थांबली असेल तर लगेच सुरू करावी. सुटलेल्या भागाचे अंतर नंतर नकाशावर मोजून स्वतःच्या टिपणात लिहिता येते. धाव पुरती संपवली गेली असेल, तर तोवरची नोंद जतन करून नवी सुरू करावी. दोन फायली नंतर जोडता येतात, पण घाईत पुसून टाकलेली नोंद बहुधा परत मिळत नाही.

आणि कोठेही धक्का न लागता बटण दाबले जात असेल, तर त्याच्या खाचेत वाळलेल्या घामाचे मीठ आणि धूळ साचली आहे का ते पाहावे. घड्याळ गोड्या पाण्याने धुऊन, मऊ ब्रशने बटणाभोवतीची खाच साफ करून ते पूर्ण कोरडे करावे आणि धुताना पाण्याखाली बटणे दाबू नयेत. तरीही बटण आत अडकून राहत असेल, तर ते दुरुस्तीला द्यावे लागेल.