रक्तवाढीची गोळी घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर या चुका टाळा

माता बाल संरक्षण कार्डावर पाचव्या महिन्यात हिमोग्लोबिन ८.४ लिहिलेले असते, सहाव्या महिन्यात ८.५, आणि गोळ्यांची पाकिटे मात्र रिकामी झालेली असतात. अशा वेळी घरात पहिला निष्कर्ष निघतो तो म्हणजे सरकारी गोळीत दम नाही. त्यानंतर औषध दुकानातून महागडे टॉनिक येते, तेही त्याच पद्धतीने घेतले जाते आणि पुढच्या महिन्याचा आकडाही जागचा हलत नाही. उपकेंद्रातील तपासणीच्या दिवशी अशा अनेक जणींशी बोलल्यानंतर माझे मत पक्के झाले आहे की बहुतेक वेळा दोष गोळीत नसतो. ती कशाबरोबर घेतली, कधी घेतली आणि कधी सोडली, यात असतो.

सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असते. गर्भवतीने चौथ्या महिन्यापासून ती रोज एक याप्रमाणे १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यावी, असे अ‍ॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमाचे प्रमाण आहे. गर्भारपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की त्याला रक्तक्षय म्हणतात. ते ७ ते १०.९ असेल, तर डॉक्टर बहुधा दिवसाला दोन गोळ्या सांगतात. दुकानातील पाकिटे पाहताना एक गल्लत नेहमी होते. पाकिटावर बहुधा क्षाराचे, म्हणजे लोहाच्या संपूर्ण संयुगाचे, वजन मोठे छापलेले असते, त्यातील लोहाचे नव्हे. ३०० मिलिग्रॅम फेरस ग्लुकोनेटमध्ये लोह सुमारे ३५ मिलिग्रॅमच असते, तर २०० मिलिग्रॅम फेरस फ्युमरेटमध्ये ते सुमारे ६५ मिलिग्रॅम असते. म्हणून मोठा आकडा आणि मोठी किंमत पाहून गोळी बदलू नये.

सर्वांत मोठी चूक चहाची आहे, आणि तिच्यावर मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण ती आपल्या घरोघरच्या दिनक्रमातच मुरलेली आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत बाई पहाटे पाचला उठते, चुलीवर चहा ठेवते, भाकरी थापून फडक्यात बांधते आणि निघण्याच्या घाईत खुंटीवरच्या पिशवीतून गोळी काढून चहाच्या घोटाबरोबर गिळते. तिच्या दृष्टीने तिने गोळी घेतली. आशाताईने विचारले तर ती खरेच सांगते की रोज घेते. पण चहातील टॅनिन लोहाला आतड्यातच बांधून ठेवते. जेवणाबरोबर चहा घेतला, तर त्या जेवणातील लोहाचे शोषण निम्म्याहून अधिक घटते, आणि गोळीतील लोहालाही हाच अडथळा होतो. दूध घातलेल्या चहाने हा प्रश्न सुटत नाही. दुधातील कॅल्शियमही लोहाच्या आड येते. चहा सोडण्याची गरज नाही. गोळी आणि चहा यांच्यात पुढेमागे निदान एक तास, जमल्यास दोन तास असावेत, एवढे पुरे. पहाटे हे जमत नसेल, तर दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी किंवा रात्री झोपताना गोळी घ्यावी. ती पाण्याबरोबर, आणि शक्य असेल तेव्हा लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यावी. क जीवनसत्त्वामुळे लोह चांगले शोषले जाते, आणि ज्या भागात जालन्याची मोसंबी पिकते, तेथे त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही.

याच चुकीची दुसरी बाजू म्हणजे लाल आणि पांढरी गोळी एकत्र घेणे. उपकेंद्रातून दोन्ही गोळ्या एकाच पिशवीत मिळतात, त्यामुळे त्या एकदमच घ्यायच्या असतात असा समज होतो. पांढरी गोळी कॅल्शियमची असते आणि ती जेवणाबरोबर घ्यायची असते. लोहाची गोळी तिच्यापासून किमान दोन तास दूर ठेवावी. आम्लपित्ताच्या गोळ्या आणि पातळ औषधे यांच्याबाबतही हेच अंतर पाळावे. थायरॉइडची गोळी चालू असेल, तर चार तासांचे अंतर हवे. दोन पिशव्या वेगळ्या करून एक चुलीजवळ आणि दुसरी अंथरुणाजवळ टांगली, तर घड्याळाशिवायही हा नियम पाळता येतो. हा उपाय मला एका आत्याबाईंनी सांगितला. सुनेच्या गोळ्या त्यांनी स्वतःच अशा वाटून ठेवल्या होत्या.

गोळी मध्येच सोडण्यामागे बहुतेक वेळा भीती असते. पहिल्या दोन-तीन दिवसांत शौचाचा रंग काळा होतो, मळमळते, पोट बांधले जाते, तोंडाला धातूसारखी चव येते, आणि बाई मुकाट्याने गोळी थांबवते. काळा रंग हा न शोषलेल्या लोहाचा असतो आणि त्याने काही बिघडत नाही. मात्र शौच डांबरासारखे चिकट व अतिशय दुर्गंधीयुक्त असेल, किंवा लाल रक्त दिसत असेल, तर ते लोहाचे लक्षण समजून गप्प बसू नये. मळमळ होत असेल, तर गोळी रिकाम्या पोटी घेण्याऐवजी थोडे खाऊन घ्यावी. शोषण काहीसे कमी होईल, पण सोडून दिलेल्या गोळीपेक्षा ते कितीतरी बरे. बद्धकोष्ठासाठी पाणी वाढवावे, पालेभाज्या आणि पेरू खावेत. तरीही सोसवत नसेल, तर डॉक्टर दुसरा क्षार किंवा एक दिवसाआड गोळी सुचवू शकतात. एक गोळी घेतल्यावर शरीर साधारण दिवसभर लोहाचे शोषण आवरून धरते, त्यामुळे गर्भवती नसलेल्या स्त्रीला दिवसाआडची गोळीही चांगली लागू पडते. गर्भवतीने मात्र हा बदल स्वतःच्या मनाने करू नये. एक दिवस चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घेण्यानेही काही साधत नाही, फक्त मळमळ वाढते.

बरे वाटू लागले म्हणून थांबणे हीही तितकीच मोठी चूक आहे. उपचार लागू पडत असेल, तर महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने तरी वाढते आणि दम लागणे कमी होते. पण तेव्हा शरीरातील लोहाचा साठा अजून रिताच असतो. हिमोग्लोबिन नेहमीच्या पातळीवर आल्यानंतरही सुमारे तीन महिने गोळी चालू राहिली, तरच तो साठा भरतो.

आपल्या भागात गोळी थांबण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते बाईच्या हातात नसते. बीड, जालना, धाराशिवकडील ऊसतोड टोळ्या दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांच्या पट्ट्यात जातात आणि पाच-सहा महिने कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतात. गावातील आशाताईची यादी गावातच राहते. मुकादमाचा निरोप आला की निघण्यापूर्वी उपकेंद्रात जाऊन निदान दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या मागून घ्याव्यात, आणि माता बाल संरक्षण कार्ड घरच्या पेटीत न ठेवता सोबत न्यावे. ते कार्ड दाखवून ज्या गावी फड आहे तेथील उपकेंद्रातही तपासणी करून घेता येते आणि गोळ्या मिळतात. हे तिला घरातील माणसांनी आणि टोळीतील जाणत्या बायांनी आधीच सांगायला हवे.

आहाराविषयी थोडक्यात. अंबाडी, तांदुळजा, तीळ, कारळाची चटणी, मोड आलेली मटकी हे सारे चांगलेच आहे आणि त्यावर लिंबू पिळले तर अधिक चांगले. पण आठ हिमोग्लोबिन असलेल्या गर्भवतीला केवळ गूळ-शेंगदाण्यांवर ठेवणे म्हणजे वेळ घालवणे आहे. ज्वारी-बाजरीतील लोह सहज शोषले जात नाही. आहार गोळीच्या जोडीला असावा, तिच्या जागी नव्हे.

नियमाने, योग्य वेळी गोळी घेऊनही महिन्याभरात आकडा एका ग्रॅमने वाढला नाही, तर कारण दुसरीकडे शोधावे लागते. जंत हे त्यातील सोपे कारण. पहिले तीन महिने उलटल्यावर गर्भवतीलाही डॉक्टरांच्या सल्ल्याने अल्बेंडाझोलची गोळी देतात. पाळीत अति रक्तस्राव होत असेल, तर तो थांबवल्याशिवाय भरणी पुरी पडत नाही. माळकरी घरांत मला सर्वांत आधी शंका येते ती ब१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेची. हे जीवनसत्त्व शाकाहारात दूध-दह्यातूनच मिळते, आणि घरचे दूध डेअरीला गेल्यावर सुनेच्या वाटीत कितीसे उरते, हे सर्वांना ठाऊक आहे. तळपायाला मुंग्या येणे आणि जीभ गुळगुळीत होऊन चुरचुरणे या खुणा असतील, तर ब१२ तपासावे. कारण नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडने रक्ताचा आकडा सुधारलेला दिसतो, पण नसांची हानी आत चालूच राहते. कुटुंबात थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असेल, तर आधी त्याची चाचणी व्हावी. किनवट-माहूर भागातील आदिवासी कुटुंबांनी सिकलसेलची चाचणी टाळू नये. गर्भारपणात हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल, तर गोळ्यांवर थांबू नये. तेथे रुग्णालयातील उपचारच हवेत.

शेवटची चूक गोळ्यांच्या जागेची आहे. साखरेचा लेप असलेली लाल गोळी लहान मुलाला पेपरमिंटसारखी दिसते, आणि लोहाच्या मूठभर गोळ्या लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात. त्या उंच जागी, झाकणाच्या डब्यात, ओल आणि उन्हापासून दूर ठेवाव्यात. मुलाने गोळ्या खाल्ल्याचा नुसता संशय आला, तरी पाकीट सोबत घेऊन त्याला लगेच रुग्णालयात न्यावे. पहिल्या उलट्यांनंतर काही तास मूल बरे झाल्यासारखे खेळू लागते, पण विषबाधा तेव्हाही आत वाढत असू शकते. म्हणून ते खेळत आहे हे पाहून वाटेतून माघारी फिरू नये.