गोव्याच्या परसात वाइनची द्राक्षवेल: या चुका टाळा

मृगाच्या सरी आल्या की गोव्यात माड, सुपारी, मिरी यांची लावणी होते आणि त्यांच्याबरोबर द्राक्षाचे कलमही लावले जाते. इथेच बहुतेक वेली हातच्या जातात. पुढच्या चार महिन्यांत सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. कोवळ्या पानांवर केवडा आणि करपा हे बुरशीचे रोग येतात, जांभ्यात खोदलेला खड्डा तुंबतो, मुळे कुजतात. कलम ऑक्टोबरच्या शेवटी, पाऊस ओसरल्यावर लावा.

खड्डा 60 सें.मी. लांब, रुंद आणि खोल घ्या. तळाला जांभा लागला तर पहारीने फोडून पाण्याला वाट करून द्या. भरताना जमिनीपेक्षा 30 सें.मी. उंचवटा ठेवा. इथली माती बहुधा आम्लधर्मी असते, म्हणून ती आधी तपासून घ्या. सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) 5.5 च्या खाली असेल तर खड्ड्याच्या मातीत अर्धा किलो शेतीचा चुना मिसळा आणि शेणखत महिन्याभराने घाला. दोन्ही एकदम घातले तर खतातले नत्र उडून जाते. कलमाचा जोड मातीच्या 10 ते 15 सें.मी. वर राहू द्या. माडाच्या सावलीत वेल लावू नका.

शिराझ किंवा काबर्ने या विलायती वाइन-द्राक्षांचा मोह पडतो, पण या दमट हवेत त्यांना केवड्यापासून वाचवणे घरच्या माणसाला झेपत नाही. बेंगलोर ब्लू घ्या. गोव्यातल्या पोर्ट वाइनला हेच द्राक्ष वापरतात आणि ते करप्याला बरेच दाद देत नाही; केवडा मात्र त्यालाही येतो. पुण्याच्या आघारकर संस्थेचे एआरआय-516 हाही चांगला पर्याय आहे.

वेल मांडवभर, घड मात्र नाही

ही तक्रार सर्वांत जास्त येते आणि तिचे कारण छाटणीच्या तारखेत असते. आपल्या हवेत वेल थंडीने झोपत नाही, म्हणून वर्षाला दोन छाटण्या लागतात. खरड छाटणीनंतर (जुन्या काड्या बुडाशी आखूड कापल्यावर) साधारण 40 ते 60 दिवसांत नव्या काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड तयार होतो, आणि त्याला भरपूर ऊन लागते. घाटावर ही छाटणी एप्रिलमध्ये करतात. गोव्यात तोपर्यंत थांबलात तर घड धरण्याच्या दिवसांतच जूनचे ढग येतात आणि डोळ्यातून घडांऐवजी नुसत्या बाळ्या (वेलीचे तणावे) निघतात. त्यामुळे फळे उतरताच, मार्च संपायच्या आत खरड छाटणी उरका. फुटवे विरळ ठेवा.

फळ छाटणी पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यानंतर करा. आठ-दहा दिवस आधी पाणी कमी करून पाने हाताने काढा. डोळे फुगून एकसारखे फुटतात. डोळे फोडायला बागायतदार वापरतात ते हायड्रोजन सायनामाइड घरी आणू नका, ते विषारी आहे. पहिल्या वर्षी घड धरू नका.

पावसाळ्यात उघडीप मिळेल तशी, पंधरा दिवसांनी, 1 टक्का बोर्डो (मोरचूद-चुन्याचे बुरशीनाशक मिश्रण) फवारा. 100 ग्रॅम मोरचूद 5 लिटर पाण्यात, 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या 5 लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत. मोरचूदाचे पाणी चुन्यात हळूहळू ओता. लोखंडी खिळा बुडवा; त्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना घाला, नाहीतर पाने करपतील. मिश्रण त्याच दिवशी संपवा.