हॅमॉक बांधताना पट्टा ताणून सरळ करू नका
पुण्याहून शनिवारी निघून राजमाचीला उधेवाडीत मुक्काम करणारे बरेच जण हॅमॉक, म्हणजे दोन झाडांच्या मध्ये पट्ट्यांनी टांगून झोपायचं कापड, घेऊन येतात आणि तो खाटेसारखा ताठ बांधतात, तसं अजिबात करू नका. पट्टा आडव्या रेषेशी साधारण 30 अंशात उतरला पाहिजे, मग 70 किलोच्या माणसाचा प्रत्येक बाजूला 70 किलोच ताण येतो, पण 10 अंशावर ताणलात तर तोच ताण 200 किलोपर्यंत जातो आणि मग शिवण उसवते नाहीतर झाड वाकतं. झोळीसारखा खोलगट राहू द्या, त्यात थोडं तिरकं झोपा, पाठ सपाट राहते.

बांधायला दोन इंची रुंद पट्टाच घ्या, बारीक नायलॉन दोरी सालीत रुतते आणि झाडाला कायमची जखम होते, प्लीज हे तरी पाळा. बांधण्याआधी वर बघा, वाळकी फांदी किंवा आग्या मोहोळ असेल तर झाड बदला. आणि हो, डिसेंबरात थंडी खालून लागते, स्लीपिंग बॅग पाठीखाली दबून निकामी होते, म्हणून कॅरीमॅट, म्हणजे फोमची चटई, आत घालाच.