दुधाच्या हिशेबातील चुकीचे आकडे स्क्रिप्टने कसे हाताळावेत

निपाणीकडच्या एखाद्या गावातील दूध संकलन केंद्राची दहा दिवसांची बिले काढण्यासाठी टर्मिनलवर चालणारी पायथन या संगणकभाषेतली छोटी स्क्रिप्ट लिहायला घेतली, की खरी अडचण गुणाकारात नव्हे, तर आकडे वाचण्यात येते. सीमाभागात एकाच फाइलमध्ये मराठी, कन्नड आणि इंग्रजी अंक सापडू शकतात. मात्र मजकुराचा आकडा करणारे पायथनचे फ्लोट (float) हे फंक्शन तिन्ही अंक बिनतक्रार वाचते. अडते ते ‘४,५’ असा स्वल्पविराम, ‘५ लि.’ असे एकक किंवा रिकामा रकाना आला की. तेव्हा व्हॅल्यूएरर (ValueError) ही चूक येते आणि स्क्रिप्ट तिथेच बंद पडते.

प्रथम स्क्रिप्टमधली मजकुराचा आकडा करणारी ओळ तेवढीच ट्रायमध्ये (try) ठेवावी आणि चूक आल्यास चालणाऱ्या एक्सेप्टमध्ये (except) व्हॅल्यूएरर हे नाव स्पष्ट लिहावे. नुसते एक्सेप्ट लिहिल्यास व्हेरिएबलचे नाव चुकले तरी तो दोष सभासदाच्या नोंदीवर ढकलला जातो.

नंतर चुकलेल्या नोंदीचे काय करायचे ते ठरवावे. तिथे शून्य धरून पुढे जाण्याचा मोह होतो, पण ते सर्वांत वाईट, कारण सभासदाचे एका वेळचे दूध बिलातून गुपचूप नाहीसे होते. ऑक (awk) हे फाइली ओळीओळीने वाचणारे टर्मिनलवरचे साधन नेमके हेच करते: ‘दहा’ असा शब्द आला तर ते शून्य धरते आणि इंग्रजी अंकांत ‘४,५’ आले तर बहुधा चारच धरते, एरर मात्र देत नाही. म्हणून नोंदीची अशी ओळ जशीच्या तशी वेगळ्या फाइलमध्ये टाकावी आणि स्टँडर्ड एररवर, म्हणजे चुकांच्या संदेशांसाठीच्या वेगळ्या मार्गावर, ‘ओळ ३७, रकाना लिटर: “५ लि.” हा आकडा नाही’ असा संदेश द्यावा. शीर्षकाची ओळ धरून मोजणी १ पासून करावी, म्हणजे नोंद शोधणाऱ्याला फाइलमध्ये तीच ओळ सापडेल.

एक छुपा खड्डा आहे. रिकाम्या रकान्यात कोणी ‘नॅन’ (nan, म्हणजे ‘आकडा नाही’) हा शब्द इंग्रजीत भरून ठेवला असेल, तर फ्लोट तो आकडा म्हणून स्वीकारते आणि पुढची संपूर्ण बेरीज नॅन होते. त्यामुळे रूपांतरानंतर मॅथ मॉड्यूलमधील इझफायनाइट (isfinite) या फंक्शनने आकडा खरा आहे ना याची तपासणी करावी.

सगळ्या ओळी वाचून झाल्यावर एक जरी नोंद बाद झाली असेल, तर स्क्रिप्टने एक्झिट कोड १, म्हणजे काम फसल्याची खूण, द्यावा, म्हणजे शेलमध्ये (टर्मिनलवरच्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) दोन अँपरसँडने (&&) पुढे जोडलेली बिले छापण्याची आज्ञा चालणार नाही आणि बाद ओळींची फाइल आधी केंद्राच्या सचिवांकडे जाईल.