कानात दडा बसलाय? मग आणखी खाली कशाला जाताय?

दिवाळी आणि नाताळच्या सुट्टीत मालवणच्या किनाऱ्यावर एक माणूस हमखास दिसतो. नुकताच स्कूबा करून होडीतून उतरलेला, मान एका बाजूला वाकडी करून कानशिलावर थापट्या मारणारा. "पाणी गेलंय हो कानात." बाहेरच्या कानातलं पाणी केव्हाच गळून गेलेलं असतं. गच्च झालेला असतो तो पडद्यामागचा भाग. तिथल्या अस्तरातून द्रव पाझरलेला असतो, कधी रक्तही. थापट्या मारून ते बाहेर येत नाही. पण सांगून ऐकतंय कोण! म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो.

दुखेपर्यंत वाट बघणं

ही चूक मी रोज बघतो आणि रोज चिडतो.

घाट उतरताना कान दडपतात, आपण आवंढा गिळतो, कान 'टक्' करून सुटतात. कोल्हापूर-बेळगावकडून येणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. आता हिशेब बघा. सुमारे 700 मीटर उंचीवरच्या आंबोलीहून थेट समुद्रकाठी आलात, तर त्या अख्ख्या उतारात हवेचा दाब जेवढा वाढतो, तेवढा पाण्यात जेमतेम 80 सेंटिमीटर खाली गेलं की वाढतो. म्हणजे कमरेएवढ्या पाण्यात बुडी मारली की कानासाठी एक घाट उतरून झाला. 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि कानात अडकलेली हवा निम्म्या जागेत दबू बघते. त्यापुढच्या 10 मीटरमध्ये ती निम्म्यावरून एकतृतीयांशावर येते, म्हणजे फरक कमी पडतो. कानाची खरी परीक्षा वरच्या काही मीटरमध्येच होते, आणि नवखे लोक नेमके तिथेच मासे बघण्यात दंग असतात.

मधल्या कानापासून घशामागे जाणारी एक नळी असते. आवंढा गिळला, जांभई दिली की ती क्षणभर उघडते. बाहेरचा दाब आतल्यापेक्षा साधारण सव्वा-दीड मीटर पाण्याएवढा जास्त झाला की तिचं तोंड चेपून बंद होतं. मग नाक दाबून कितीही फुंका, ती उघडत नाही. पडदा आत ओढला जातो, सुजतो. तरीही माणूस खाली जात राहिला तर फाटतो. त्यासाठी फार खोल जावं लागतं असंही नाही, दोन-तीन मीटर पुरतात.

माझी सवय सांगतो. होडीवर बसल्या बसल्याच दोन-तीनदा कान सोडवून बघतो. सुके असतानाच हट्ट करणारा कान पाण्यात काय दिवे लावणार? उडी मारल्यावर डोकं पाण्याखाली जायच्या आधी एकदा. मग पहिल्या तीन मीटरमध्ये दर अर्ध्या मीटरला एकदा, दडपण जाणवो न जाणवो. नांगराचा दोर धरून, पाय खाली, हनुवटी थोडी वर. डोकं खाली करून सूर मारत जाणं व्हिडिओत झकास दिसतं, पण बहुतेकांचे कान उभ्याने जास्त सहज सुटतात. एक कान अडला तर दोराला धरून मीटरभर वर येतो, सोडवतो, पुन्हा उतरतो. चार वेळा झालं तर चार वेळा. आमचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, अशा वेळी होडीतून ओरडायचा, "घाय कित्याक? समुद्र खंय पळान जाता काय?"

नाक दाबून जोरात फुंकणं

हे मी स्वतः केलंय, त्यामुळे अधिकारवाणीने बोलतो.

तेव्हा मी नवाच डाइव्हमास्टर, म्हणजे पाहुण्यांना पाण्याखाली नेणारा गाईड. चार पाहुणे खाली दोराशी थांबलेले, मी सगळ्यात शेवटी उतरत होतो. चार मीटरवर डावा कान अडला. वर जायला हवं होतं, हे मीच दिवसातून दहा वेळा लोकांना सांगायचो. पण पाहुणे बघतायत, सिनियर बघतोय, आणि शिकवणाराच कान धरून वर निघाला तर काय शोभा! नाक घट्ट धरलं आणि गाल फुटतील इतक्या जोरात फुंकलं. आत काहीतरी 'फट्' झालं. दुखलं नाही. उलट हलकं वाटलं, म्हणून मी खूश. पाच सेकंदांनी अख्खा समुद्र गोल फिरायला लागला. दोर सोडला असता तर वर कुठे आणि खाली कुठे हेही कळलं नसतं.

चक्कर दुपारपर्यंत ओसरली. कानात एक बारीक शिट्टी उरली, जुन्या टीव्हीच्या मागून यायची तशी. जाईल आपोआप म्हणून मी गप्प बसलो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्यात उतरलो. या मूर्खपणाला मला आजही शब्द सापडत नाही. चौथ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी पडदा बघितला. तो लाल होता, पण फाटलेला नव्हता. मग ऑडिओग्राम काढला, म्हणजे कुठला स्वर किती ऐकू येतो त्याचा आलेख. उजव्या कानाची रेघ सरळ, डाव्याची उंच स्वरांपाशी दरीत कोसळलेली. नुकसान आतल्या कानाचं होतं. पाण्याच्या दाबाने पडदा आधीच आत ढकललेला असतो. त्यात आपण जोर लावला की मेंदूभोवतीच्या द्रवाचा दाब वाढतो, तो आतल्या कानापर्यंत पोचतो आणि तिथली नाजूक 'खिडकी', म्हणजे एक पातळ पापुद्रा, फुटू शकते. मग आतला द्रव मधल्या कानात गळतो. डॉक्टरांनी औषधं दिली. डोकं उंच ठेवून पडून राहायला सांगितलं. जड उचलायचं नाही, शिंक दाबायची नाही, कुंथायचं नाही. ऐकू येणं बरंचसं परत आलं, शिट्टी गेली नाही. रात्री पंखा बंद झाला की ती अजून भेटते.

नाक दाबून फुंकायच्या या पद्धतीला वाल्साल्वा म्हणतात. वाल्साल्वा हा इटलीतला शरीरशास्त्रज्ञ, सतराव्या-अठराव्या शतकातला. त्याला हवी होती कानातला पू बाहेर काढायची युक्ती, पाण्याशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. हलक्या हाताने केलं तर चालतं, पण छातीचा जोर लावायचा नाही. मी आता नाक धरून घशाने आणि जिभेच्या मुळाने हवा वर ढकलतो. 'क' म्हणताना जीभ मागे जिथे लागते, तिथून. ही फ्रेन्झेलची पद्धत. हा जर्मन डॉक्टर दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांना ती शिकवायचा. नाही जमलं तर नाक धरून नुसता आवंढा गिळा. घरी आरशासमोर आठवडाभर सराव करा, नाकपुड्या फुगताना दिसायला हव्यात. "तिथे गेल्यावर शिकवतीलच की" म्हणणाऱ्यांनी पाच मिनिटांच्या ब्रीफिंगमध्ये काय काय शिकायचं ठरवलंय ते मला कळवावं.

सर्दी झाली असताना स्प्रे मारून उतरणं

"तीन महिन्यांपूर्वी बुकिंग केलंय" हे वाक्य कानाच्या नळीला समजत नाही. नाकात स्प्रे मारला की सूज उतरते, कान सुटतात, माणूस आनंदाने खाली जातो. खाली असताना औषधाचा असर संपला की नळी पुन्हा सुजते. आता गंमत उलटी होते. वर येताना आतली हवा फुगते आणि तिला बाहेर पडायला वाट नसते. खाली जाताना कान अडला तर वर येता येतं. वर येताना अडला तर? टाकीतली हवा संपत आलेली असते, कधी ना कधी वर यावंच लागतं. थोडं खाली जाऊन, आवंढे गिळत, अगदी सावकाश यायचं, एवढंच हातात उरतं. मला विचाराल तर सर्दीत पाणी नाही. आठ दिवस थांबा नाहीतर पैसे बुडवा.

अंगठा वर करून 'मस्त' सांगणं

पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'वर चला'. ठीक असल्याची खूण वेगळी, अंगठा आणि तर्जनी जोडून केलेलं गोल. आणि कान दुखतोय हे सांगायचं तर पंजा आडवा धरून हलवायचा, मग कानाकडे बोट. हौशी डाइव्हमध्ये टाकी गाईडच्या हातात असते, तुम्ही खूण केली नाहीत तर तो खाली नेत राहणार. काही गाईड घाईत असतात, हेही खरं आहे. पुढची होडी वाट बघत असते. त्याचा हात धरून थांबवा. लाजू नका.

दुखऱ्या कानात लसणाचं तेल

आजीच्या हाताला यश असेल, पण पडदा फाटला असेल तर ते कोमट तेल थेट मधल्या कानात जातं आणि सोबत जंतू नेतं. कानातून पाणी किंवा रक्त आलं, किंवा ऐकू कमी येतंय असं वाटलं, तर कानात काही म्हणजे काही घालू नका. तेल नको, थेंब नको, बड नको. कान कोरडा ठेवा आणि डॉक्टर गाठा. फाटलेला पडदा बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपला आपण भरून येतो, तोवर पाणी बंद. मात्र चक्कर, शिट्टी, अचानक कमी ऐकू येणं, यातलं काही असेल तर त्याच दिवशी जा, माझ्यासारखं चौथ्या दिवशी नाही. आतल्या कानाच्या उपचाराला उशीर परवडत नाही.

बाकीच्या चुका, पटापट:

इअरप्लग घालून उतरणं. प्लग आणि पडदा यांच्यात हवा कोंडते, दाबाने प्लगच आत रुततो. नको.

पोहण्याचा गॉगल लावून तळ गाठणं. नाक बाहेर राहतं, त्यामुळे गॉगलमधल्या हवेचा दाब सांभाळता येत नाही आणि डोळे लाल होतात. डायव्हिंगचा मास्क नाक झाकणाराच हवा.

बनाना राइडवरून कानावर पडणं. पाण्याची सपाट चापट बसते आणि एका मीटरचीही खोली न गाठता पडदा फाटतो. पडताना जमलं तर हाताने कान झाका.

आदल्या रात्री बडने कान 'साफ' करणं. मळ आत ठासला जातो, कातडी सोलवटते, आणि कोकणातल्या दमट हवेत आठ दिवसांनी बुरशी. डाइव्हनंतर गोड्या पाण्याने कान धुवा, मान कलती करा, टॉवेलच्या टोकाने बाहेरूनच टिपा.

टाक्या भरणाऱ्या पोरांबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. कॉम्प्रेसरशेजारी उभं राहून ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज 85 डेसिबलच्या आसपास किंवा वर आहे. तेवढ्या आवाजात दिवसाला आठ तास, ही सुरक्षित मानलेली मर्यादा. सीझनमध्ये ही पोरं त्याहून जास्त वेळ तिथे असतात. इअरमफ लावायला सांगितलं की हसतात. मालकांनी विकत आणून खुंटीला टांगून ठेवले तरी पुष्कळ.

आणि फॉर्मवर खोटं लिहू नका. 'कानाचं ऑपरेशन झालं आहे का?' या ओळीपुढे 'नाही' लिहून नंतर पाण्यात आठवणारे मी पाहिलेत. गेल्या सीझनला एका पुण्याच्या काकांनी खरं लिहिलं आणि मी त्यांना उतरवलं नाही. ते जरा रुसले. मग स्नॉर्केल लावून किल्ल्याजवळच्या खडकांवर तासभर तरंगत राहिले, पोपटमासे मोजत. काकू माझ्यासोबत सात मीटर खाली जाऊन आल्या. त्या दिवशी तळाला गाळ उठला होता, त्यांना माझा हात सोडून काहीच दिसलं नाही.