चकचकीत कर्ण्याला भुलू नका

ऑनलाइन जाहिरातीत ‘१०० वर्षं जुना एचएमव्ही ग्रामोफोन, चालू स्थितीत’ असं दिसलं की मी आधी कर्णा बघतो. पितळ आरशासारखं लखलखतंय, खाली अष्टकोनी पेटी, तिच्यावर कुत्र्याचा भलाथोरला बिल्ला? पुढे चला. असे नग आजही जोडून विकतात: मोटर कुठल्यातरी जुन्या पेटीवजा ग्रामोफोनची, बाकी सगळं नवं. दिवाणखान्यात शोभेला हवा असेल तर घ्या बापडे, पण पुराणवस्तूचा भाव देऊ नका.

विक्रेत्याकडे वरचं फळकूट उचलून काढलेला मोटरचा फोटो मागा. टाळाटाळ झाली तर काय ते समजा. मग व्हिडिओ मागा, तोही तबकडीची पूर्ण बाजू वाजतानाचा. ७८ आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांची, तबकडी १० सेकंदांत १३ फेऱ्या घेते. लेबलवरच्या एखाद्या खुणेवर नजर ठेवून मोजा. सुरुवातीला १३ आणि शेवटी ११ भरल्या, तर स्प्रिंग दमलीय किंवा ग्रीस घट्ट झालंय. हे दुरुस्त होतं, त्यामुळे भाव पाडायला उपयोगी. साउंडबॉक्सच्या, म्हणजे पिन बसते त्या गोल डबीच्या, ओतीव धातूला तडा असेल तर मात्र सोडा. त्यातलं रबर कडक होणारच, ते बदलता येतं.

नवख्यांनी एचएमव्ही १०२ हे पोर्टेबल मॉडेल बघावं. बाहेर कर्णाच नाही, म्हणजे कर्ण्याची फसवणूकही नाही! घरी आणल्यावर पोलादी पिन दर बाजूला बदला आणि या ग्रामोफोनवर एलपी (नंतरच्या काळातली, कमी वेगाची तबकडी) चुकूनही लावू नका, खरवडून निघेल.